जूनमध्ये बूट भिजतात आणि सवय मोडते

गेली चार वर्षं माझं अगदी ठरलेलं आहे. पाडव्याच्या सुमारास पुण्यातल्या पर्वती टेकडीवर जायला सुरुवात, १०३ पायऱ्या, वर जाऊन नमस्कार, खाली येऊन चहा. एप्रिल-मे मस्त जातात, मी स्वतःवर एवढी खूश असते की विचारू नका. मग जूनमध्ये एक दिवस सकाळी सहाला धो धो पाऊस, म्हटलं आज राहू दे. दुसऱ्या दिवशी पाऊस नसतो पण बूट ओले असतात, तिसऱ्या दिवशी बूट वाळलेले असतात पण त्यांना असा काही वास येतो की घालवत नाहीत, आणि चौथ्या दिवशी अलार्म मीच बंद करते, झोपेत, नंतर आठवतसुद्धा नाही. ऑगस्टमध्ये केर काढताना दाराआडचे बूट हाताला लागतात तेव्हा आत हिरवट बुरशी असते. नवरा म्हणतो तुझ्यात चिकाटीच नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, पण मग सवयीवरचं संशोधन वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की यात चिकाटीपेक्षा बुटांचा दोष जास्त आहे.

२०११ मध्ये डेव्हिड नील आणि वेंडी वूड यांच्या टीमने अमेरिकेत एक गमतीशीर प्रयोग छापला. सिनेमाला आलेल्या लोकांना फुकट पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर जुने, मऊ पडलेले. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची सवय नव्हती त्यांनी शिळे बरेच कमी खाल्ले. सवयवाल्यांनी मात्र चव आवडली नाही असं स्वतः सांगूनसुद्धा शिळे जवळजवळ ताज्यांइतकेच खाल्ले. पुढे तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंग रूममध्ये गाण्यांचे व्हिडिओ दाखवत दिले, तर तिथे सवयवाल्यांनीही हात आखडता घेतला, आणि थिएटरातच पण रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं तरी सवय सुटली. म्हणजे सवय जिभेवर नव्हतीच, ती अंधार, खुर्ची, पडदा आणि उजवा हात यांच्यावर टांगलेली होती.

मला हे खुंटीसारखं वाटतं. प्रत्येक सवय कुठल्या ना कुठल्या खुंटीवर टांगलेली असते, ठरावीक वेळ, जागा, उजेड, त्याच्या आधी केलेलं काम. माझी पर्वतीची सवय तीन खुंट्यांवर होती: सहाला खिडकीतून येणारा उजेड, कोरडे बूट, आणि कोपऱ्यावर भेटणाऱ्या दोन काकू. जूनमध्ये तिन्ही एकदम जातात. ऋतू बदलतो म्हणजे नुसतं हवामान बदलत नाही, रोजच्या दिवसातल्या निम्म्या खुंट्या उपटल्या जातात आणि आपण मात्र सदरा खाली का पडला म्हणून सदऱ्याला शिव्या देत बसतो.

उजेडाची खुंटी तर अक्षरशः मेंदूत आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर साधारण २० हजार पेशींचा एक बारकासा पुंजका असतो, तेच आपलं मुख्य घड्याळ. हे घड्याळ स्वतःहून चोवीस तासांपेक्षा किंचित जास्तीचा दिवस धरतं, त्यामुळे त्याला रोज लावून घ्यावं लागतं आणि ते काम मुख्यतः उजेड करतो, त्यातही सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो आणि रात्रीचा मागे ढकलतो. आता पावसाळ्यात काय होतं, आभाळ भरून आलं की आपण म्हणतो बाहेर काळोख आहे आणि घरात ट्यूब लावून बसतो. पण लक्स या उजेडाच्या मापात घरात उजेड असतो शंभर ते तीनशे, आणि ढगाळ आभाळाखाली गॅलरीत उभं राहिलं तरी काही हजार लक्स मिळतात. डोळा जुळवून घेतो म्हणून हा दसपट-वीसपट फरक जाणवत नाही, घड्याळाला मात्र तो कळतो. पावसाळ्यात आळसटल्यासारखं वाटतं त्याचं सगळं खापर यावर फोडता येणार नाही, पण सकाळचा चहा गॅलरीत प्यायला काही खर्चही येत नाही.

उजेडावरून आठवलं, १ जानेवारीचा पहाटे उठायचा संकल्प. आपल्याकडे सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो हे शाळेत शिकलोय, पण सूर्य सर्वात उशिरा उगवतो तो त्या दिवशी नाही तर जानेवारीच्या मध्यानंतर. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबगोल, त्यामुळे ही गफलत होते. पुण्यात तेव्हा सूर्योदय सातच्याही पुढे जातो. म्हणजे संकल्प केल्यावर पुढचे दोन-अडीच आठवडे सूर्य रोज आणखी थोडा उशिरा येत असतो, वर थंडी, आणि आपण पाचचा अलार्म लावून स्वतःची परीक्षा घेतो! त्यापेक्षा पाडवा कितीतरी शहाणा. तिथून जूनच्या सुरुवातीपर्यंत सूर्योदय रोज थोडा थोडा अलीकडे सरकत सहाच्या आसपास येतो, म्हणजे उठवायला कोणीतरी रोज जरा लवकर येतं. जगातला सगळ्यात जड संकल्प महाराष्ट्रात चुकीच्या महिन्यात करतो आपण, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पाडव्यातही एक गोम आहे. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरतं ते मुळात मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचं १९६० मधलं निरीक्षण, पेशंटना नवा चेहरा आपलासा वाटायला किमान २१ दिवस लागतात असं. त्यातला किमान गळाला आणि चेहऱ्याच्या जागी जिम आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं किंवा नाश्त्यानंतर ग्लासभर पाणी पिणं असल्या साध्या गोष्टी घेऊन, तर सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. कोणाला १८ पुरतील तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला, आणि व्यायामाला पाण्याच्या ग्लासपेक्षा जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं, हे मला आधी कळतं तर चौथ्या दिवसाचा अलार्म कदाचित बंद केला नसता.

आता हिशोब करून बघा. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. तिथून ६६ दिवस म्हणजे ४ जून. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून, त्यामुळे एरवी सवय जेमतेम लागते न लागते तोच पाऊस दारात, आणि त्या वर्षी तर तो २६ मेलाच येऊन टपकला. पुढच्या वेळी नवऱ्याला हे गणित कागदावर मांडून दाखवणार आहे.

ऋतू बदलताना उत्साह येतो तो काही खोटा नसतो. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी लोकांना २० मार्च ही एकच तारीख दोन तऱ्हेने सांगितली, काहींना मार्चचा तिसरा गुरुवार आणि काहींना वसंताचा पहिला दिवस, तर वसंतवाल्यांना त्या दिवशी नवीन काही सुरू करावंसं जास्त वाटलं. जुन्या चुका मागच्या ऋतूतल्या मी ने केल्या, आजची मी वेगळी, असं काहीतरी मन धरतं. मात्र डाय यांनीच पुढे बेसबॉल खेळाडूंचे आकडे तपासले. मोसमाच्या मध्येच संघ बदलून दुसऱ्या लीगमध्ये गेलं की त्या मोसमातला बॅटिंगचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. तेव्हा आधी रडतखडत खेळणारे सुधारले, आणि चांगले खेळणारे घसरले. म्हणजे ज्याचं बरं चाललंय त्याने ऋतू बदलला म्हणून पाटी पुसायची काही गरज नाही.

हे सगळं वाचताना मला सारखी आजी आठवत होती. आजी चातुर्मासात नेम धरायची. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी, त्या दिवशी घरात कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, सगळं पोटभर, आणि मग कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. वांगं तर थेट चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंतर. शिवाय संध्याकाळी देवाजवळ निरांजन लावलं की पोथीतल्या पंचवीस ओव्या वाचायच्या, त्याआधी कोणाशी बोलायचं नाही. धर्माचा भाग बाजूला ठेवून बघितलं तरी रचना भारी आहे. सुरुवातीची तारीख आकाशातून ठरलेली, शेवटचीही ठरलेली, मध्ये चार महिने म्हणजे ६६ दिवस आरामात बसतात, अधिक महिना मध्ये आला तर पाच. सगळी आळी तेच करत असते. आणि खुंटी पक्की: निरांजन लागलं की ओव्या. याला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर जर-तरचा बेत म्हणतात. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक रिपोर्ट लिहून पाठवायला सांगितला होता, कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवलं त्यांच्यातल्या साधारण पाऊण जणांनी पाठवला, बाकीच्यांतल्या फक्त एक तृतीयांश.

वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर सरळच लिहिलंय, सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात म्हणजे ऋतुसंधी, या काळात जुनी राहणी हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. दोन आठवडे हा काळ शरीरालाही मानवतो. उन्हाळ्याची सवय व्हायला, म्हणजे घाम लवकर सुटायला, घामातलं मीठ कमी व्हायला, रक्तातला पाण्याचा भाग वाढायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. वाग्भटाला हे माहीत होतं असा दावा मी करणार नाही, व्हॉट्सॲपवर तसले दावे भरपूर आहेत.

तर यंदा मे महिन्यातच, पाऊस यायच्या आधी, खुंटी बदलायचं ठरवलंय. दूधवाला सकाळी सहाला पिशवी खाली गेटपाशी ठेवतो. लिफ्ट न घेता खाली जायचं, पिशवी उचलायची आणि जिन्याने वर यायचं, चपला घालून, बूट नकोतच. काल मोजून पाहिलं. चार मजल्यांच्या पायऱ्या भरतात ७६, पर्वतीला २७ कमी. गच्चीपर्यंत गेलं तर ९५ होतात, पण गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते आणि ते साडेआठशिवाय दार उघडत नाहीत.