'शिष्ट' मुळात गर्विष्ठ नव्हता

"तिसऱ्या मजल्यावरची ना? फार शिष्ट आहे हो, जिन्यात समोर आली तरी हसत नाही." ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत हे मी लहानपणापासून ऐकतेय. आणि त्यासोबत हा समजही, की शिष्ट म्हणजे मुळातच स्वतःवर खूश असलेला, चढेल माणूस. कुणी तर त्याचं नातं उच्छिष्टाशीही लावतं. दोन्ही चूक.

'उरलेला' या अर्थाचा शिष्ट संस्कृतात आहे, पण तो 'शिष्' धातूचा. अवशिष्ट, उच्छिष्ट आणि आपलं उष्टं त्याच घरातले. माणसाला लावतो तो शिष्ट 'शास्' धातूवरून आला: शिकवलेला, वळण लागलेला. शिष्य, शासन, शास्त्र ही त्याची सख्खी भावंडं.

बौधायन धर्मसूत्र या आचारधर्मावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात शिष्टाची लक्षणंच दिली आहेत. मत्सर नसलेला, निरहंकार, हाव नसलेला, दंभ आणि दर्पापासून लांब. आणि 'कुंभीधान्य', म्हणजे घरात मडकंभरच धान्य ठेवणारा. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथातही शिष्टाच्या वर्णनात हेच मडकं भेटतं. एवढ्याशा साठ्यावर निश्चिंत असणारा माणूस! मला तर ही व्याख्या वाचून त्या शब्दाची माफी मागावीशी वाटली.

मराठीने त्याचा मान पुरता घालवलेला नाही. शिष्टाचार, शिष्टमंडळ, कृष्णशिष्टाई यांत तो शाबूत आहे. बिघडला तो रोजच्या बोलण्यात. बेताचं, मोजकं बोलणाऱ्याला आपण तुटक समजलो, आणि तुटक म्हणजे गर्विष्ठ, असंच झालं असावं असं मला वाटतं.