ज्वालाग्राही वायूंचे संवेदन व चित्रण

ज्वालाग्राही वायूंचे संवेदन व चित्रण : खाणी, तेलशुद्धीकरण कारखाने, वायुवाहिन्या, साठवण टाक्या अशा ठिकाणी स्फोट होण्याइतका वायू साचण्यापूर्वीच त्याचा सुगावा लावण्याचे तंत्र. खाणीत व वायुवाहिन्यांत नेहमी आढळणाऱ्या मिथेन या ज्वालाग्राही वायूचे हवेतील प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच मिश्रणाचा स्फोट होतो. यांपैकी खालची मर्यादा सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची. हातातले मापक वायूचे प्रमाण या मर्यादेच्या शेकडेवारीत दाखवते व मर्यादा बरीच दूर असतानाच इशारा देते. मिथेनला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वारा मंद असलेल्या बोगद्यात छताला लागून त्याचा थर बनतो. छातीच्या उंचीवर मापक धरून घेतलेली नोंद अशा वेळी फसवी ठरते.

सुरक्षादीप : इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण मृत्युमुखी पडले आणि खाणीत उघडी ज्योत वापरण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. सँडरलंड येथील वैद्य विल्यम रीड क्लॅनी यांनी भात्याने हवा पुरवलेला व पाण्याने मोहोरबंद केलेला दिवा तयार करून १८१३ मध्ये त्याचे वर्णन रॉयल सोसायटी या लंडनमधील विज्ञानसंस्थेपुढे मांडले. तो सुरक्षित होता, पण जड होता आणि भाता चालवायला माणूस लागे.

पुढच्या टप्प्याचे श्रेय कोणाचे, हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. किलिंगवर्थ खाणीतील यंत्रज्ञ जॉर्ज स्टीफन्सन यांनी आपला पहिला दिवा २१ ऑक्टोबर १८१५ रोजी प्रत्यक्ष खाणीत नेऊन पाहिला. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांचा खाणीतील दिव्यांविषयीचा निबंध रॉयल सोसायटीत ९ नोव्हेंबर १८१५ रोजी वाचला गेला. त्यांच्या जाळीच्या दिव्याची खाणीतील चाचणी जानेवारी १८१६ मधील. केवळ तारखा पाहिल्या तर स्टीफन्सन पुढे ठरतात. डेव्हींचे पाठीराखे मात्र विचारीत की, शास्त्राचे शिक्षण नसलेल्या यंत्रज्ञाला हे सुचेलच कसे? हा आक्षेप टिकणारा नाही. स्टीफन्सन यांनी हवा अरुंद नळ्यांतून आत घेतली होती. जळून उरलेली हवा ज्योतीला वेढून राहते व स्फोट रोखते, अशी त्यांची समजूत होती. ही उपपत्ती चुकीची असली तरी दिवा काम करीत होता. डेव्हींनी खरे कारण दाखवले: बारीक छिद्रांच्या धातूतून जाताना ज्वाला इतकी थंड होते की, पलीकडचे मिश्रण पेटत नाही. अरुंद नळीतून ज्वाला पार होत नाही हे रसायनशास्त्रज्ञ स्मिथसन टेनंट यांनी त्याआधी पाहिले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. डेव्हींना १८१७ मध्ये २,००० पौंडांची भेट मिळाली. स्टीफन्सन यांच्यासाठी न्यूकॅसल परिसरातील समर्थकांनी १,००० पौंड जमवले. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले, हे मत आता बहुधा मान्य होते. प्रस्तुत नोंदीतही तेच ग्राह्य धरले असून, चाचणीचा मान स्टीफन्सन यांना आणि उपपत्तीचा डेव्हींना देणे योग्य वाटते. क्लॅनी यांचे नाव या भांडणात मागे पडले, हे अन्यायाचे आहे. पुढे रुळलेल्या दिव्यांत खाली काच व वर जाळी असते, आणि ही रचना क्लॅनी यांच्या नंतरच्या दिव्यातील आहे.

उजेडासाठी केलेला हा दिवा मापकही ठरला. वात अगदी खाली ओढून ज्योत लहान केली की, मिथेन असल्यास तिच्यावर फिकट निळी टोपी दिसते. सुमारे १.२५ टक्क्यांना ती जेमतेम जाणवते. प्रमाण वाढेल तशी ती उंचावते. दिवा छताकडे हळूहळू नेऊन ही टोपी वाचणे हे कसबी माणसाचे काम होते. ऑक्सिजन कमी पडला तर ज्योत विझे, म्हणजे एकाच दिव्यावरून दोन धोके कळत. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यावर ओळखता येत नसे. त्यासाठी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सूचनेवरून १८९० च्या दशकापासून कॅनरी पक्षी खाणीत नेऊ लागले; हा वायू माणसाआधी त्यांना बाधत असे.

उत्प्रेरकी संवेदक : कॅलिफोर्नियातील एका तेल कंपनीत ऑलिव्हर जॉन्सन यांनी १९२६-२७ च्या सुमारास तापलेल्या प्लॅटिनम तारेवर वायू जाळून तारेच्या विद्युत रोधातील वाढ मोजणारे उपकरण केले. मिथेन असा जाळायचा तर नुसत्या तारेला सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमान लागे; तेवढ्या उष्णतेत तार झिजून बारीक होई. इंग्लंडमधील खाण सुरक्षा संशोधन संस्थेत साधारणतः १९६० च्या सुमारास तयार झालेल्या पेलिस्टरने ही अडचण दूर केली. त्यात प्लॅटिनमच्या सूक्ष्म वेटोळ्याभोवती ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) मणी असतो व मण्यावर पॅलेडियमसारखा उत्प्रेरक, म्हणजे ज्वलन सुलभ करणारा पदार्थ, असतो. ज्वलन सुमारे ५०० अंशांवरच होते. शेजारी उत्प्रेरक नसलेला जोडमणी असतो. दोन्ही मणी व्हीटस्टन सेतूत (दोन रोधांतील फरक मोजणाऱ्या विद्युत मंडलात) जोडलेले असल्याने हवामानातील चढउतार आपोआप वजा होतात.

पेलिस्टरचा खरा धोका त्याच्या मौनात आहे. सिलिकोन असलेले वंगण किंवा पॉलिश जवळ वापरले गेले तरी मण्यावर थर बसून उत्प्रेरक निकामी होतो. काटा मात्र शून्यावरच राहतो, आणि वायू नसतानाही तो शून्यावरच असतो. ज्ञात प्रमाणाचा वायू उपकरणावर सोडून ते हलते का हे पाहण्याची रीत याचसाठी आहे. ती टाळणे म्हणजे बंद पडलेल्या पहारेकऱ्यावर विसंबणे. शिवाय ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत, किंवा वायू अतिशय दाट झाला असता, आकडा धोक्याच्या उलट दिशेने घसरतो.

जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेला कथिल ऑक्साइडचा अर्धवाहक संवेदक स्वस्त व टिकाऊ ठरला. त्याचा प्रसार मुख्यतः घरगुती वायुगळतीच्या इशाऱ्यासाठी झाला.

अवरक्त संवेदन व चित्रण : डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. मिथेन सुमारे ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषून घेतो. अवरक्त संवेदक ही तरंगलांबी आणि न शोषली जाणारी दुसरी एक, अशा दोन्हींची तुलना करतो. त्याला ऑक्सिजन लागत नाही, आणि काच मळली किंवा दिवा विझला तर प्रकाश हरवल्याचे उपकरण स्वतःच सांगते. मौनाचा दोष येथे बराचसा टळतो. हायड्रोजन मात्र अवरक्त किरण शोषत नसल्याने त्याच्यासाठी हे तंत्र निरुपयोगी आहे.

वायुचित्रक कॅमेऱ्यात याच पट्ट्यापुरती गाळणी व अतिशय थंड ठेवलेला शोधक असतो. साध्या डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या जोडावरून निघणारी गळती पडद्यावर धुरासारखी लहरताना दिसते. वायू व पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक नसेल तर मात्र काहीच उमटत नाही, म्हणून जाणकार तपासनीस जागा बदलून आकाश किंवा तापलेली भिंत मागे येईल असा कोन शोधतो. गळती कोठून आहे हे चित्र दाखवते. ती किती आहे हे सांगण्यासाठी वेगळे मोजमाप करावे लागते.