मुंबईतून डेबियन मेंटेनर होण्यासाठी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त संगणकप्रणाली. तिचा मेंटेनर, म्हणजे तिच्यातली सॉफ्टवेअर पॅकेजं सांभाळणारा, व्हायला पदवी लागत नाही, फी लागत नाही, कुठल्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. दोनच गोष्टी लागतात: केलेल्या कामाचा उघड पुरावा आणि एखाद्या डेबियन डेव्हलपरने सही केलेली जीपीजी की, म्हणजे तुमची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली. काम घरबसल्या होतं. सहीसाठी मात्र माणसाला समोरासमोर भेटावं लागतं, आणि अर्ज रखडतो तो बहुधा तिथेच. म्हणून कीची तयारी पहिल्या दिवसापासून करा.

इथे मेंटेनर म्हणजे डीएम (डेबियन मेंटेनर). त्याला ठरवून दिलेली पॅकेजं स्वतः अपलोड करता येतात. डेव्हलपर, म्हणजे डीडी, हा प्रकल्पाचा पूर्ण सदस्य. त्याला मतदानाचा हक्क असतो. डीएमच्या कीवर एका डीडीची सही पुरते, डीडी होण्यासाठी दोघांच्या लागतात. पॅकेजिंग न करता भाषांतर किंवा दस्तऐवजांचं काम करणाऱ्यालाही अपलोडच्या हक्काविना डीडी होता येतं. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पात्रता

पात्रता म्हणजे काम. नवं पॅकेज घेऊन सुरुवात करू नका, असा आमचा आग्रह आहे. काम हवं असलेल्या पॅकेजांच्या डब्ल्यूएनपीपी यादीत मेंटेनरने सोडून दिलेली पॅकेजं 'ओ' खुणेने आणि नवा सांभाळणारा हवा असलेली 'आरएफए' खुणेने दिसतात. तुम्ही रोज वापरता असं एखादं त्यातून निवडा, किंवा एखाद्या टीममध्ये जा. मराठी वाचणाऱ्याला फॉन्ट टीम सोयीची: लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये जोडाक्षर मोडलं तर ते तुमच्या डोळ्यांना लगेच खटकेल, दुसऱ्या कुणाला कदाचित दिसणारही नाही.

बदल केला की पॅकेज स्वच्छ सीएच-रूटमध्ये (फक्त मूळ प्रणाली असलेल्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात), एसबिल्ड हे साधन वापरून बांधा (बिल्ड करा). स्वतःच्या लॅपटॉपवर पॅकेज बांधलं जातं, कारण लागणाऱ्या लायब्ररी तिथे आधीच असतात. कंट्रोल फाइलमधल्या बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधायला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) एक नाव राहिलं तरी कळत नाही. स्वच्छ सीएच-रूटमध्ये ते लगेच उघडं पडतं. बांधताना इंटरनेटवरून काही उतरवणारं पॅकेज तर चालतच नाही. मग पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन चालवा, मेंटॉर्स संकेतस्थळावर डीपुट या साधनाने अपलोड करा आणि 'स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्स'वर आरएफएस बग, म्हणजे अपलोड करून देण्याची विनंती, नोंदवा. कुणी डीडी तपासून तुमच्या वतीने अपलोड करतो. चार-पाच वेळा असं नीट झालं की तोच तुमची शिफारस करायला तयार होतो.

नवं पॅकेज करायचंच असेल तर आधी आयटीपी बग (हे पॅकेज मी करतोय अशी सूचना) नोंदवा, नाहीतर दोघं एकाच गोष्टीवर राबतात. पहिलं अपलोड 'न्यू' या तपासणीच्या रांगेत थांबतं. तिथून परत येण्याचं नेहमीचं कारण कॉपीराइट फाइल: सोर्समधल्या प्रत्येक फाइलचा हक्कदार आणि परवाना नोंदलेला नसतो, किंवा एखादी मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट फाइल मूळ सोर्सशिवाय पडलेली असते. रांगेतून पार पडल्यावर आणखी एक काम उरतं. 'न्यू'साठी बायनरी (बांधून तयार पॅकेज) जोडावी लागते, पण मेंटेनरने बांधलेली बायनरी टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेत, जात नाही. म्हणून पॅकेजच्या आवृत्तीचा क्रमांक एकने वाढवून फक्त सोर्सचं दुसरं अपलोड करा. अर्जन्सी (अपलोडची तातडी) मीडियम असेल तर त्यानंतर किमान 5 दिवस अनस्टेबलमध्ये, म्हणजे पॅकेजं आधी येतात त्या शाखेत, काढावे लागतात.

कागदपत्रं

की 4096 बिट आरएसए किंवा ईडी25519 प्रकारची करा आणि एन्क्रिप्शनची उपकी तपासून घ्या. मूळ खाजगी की पेनड्राइव्हवर घरी ठेवा, रद्दीकरणाचं प्रमाणपत्र कागदावर छापा. लोकलमध्ये लॅपटॉपची बॅग गेली आणि की तिच्यातच असली, तर सह्या पुन्हा शून्यापासून गोळा कराव्या लागतात.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट न्या. पॅन किंवा आधार परदेशी डीडीला ओळखता येत नाही, आणि आधारवर पत्ताही असतो. आपल्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर मांडणी वेगळी असते. कीवरचं नाव पासपोर्टशी जुळेल असंच घाला. कीचं 40 अक्षरांचं फिंगरप्रिंट (तिची ओळखखूण) छापलेल्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. समोरचा तिथल्या तिथे सही करत नाही. तो घरी जाऊन सही करतो आणि एन्क्रिप्ट केलेल्या ईमेलने तुम्हाला पाठवतो.

ती सही आयात करून की कीसर्व्हरवर (सार्वजनिक की ठेवायच्या सर्व्हरवर) परत चढवा. कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग इतरांच्या सह्या पुढे देत नाही, त्यामुळे तिथे चढवली तर सही मिळूनही दिसत नाही. कीसर्व्हर.उबुंटू.कॉम वापरा.

डीडी भेटणार कुठे? डेबियन विकीवर सही द्यायला तयार असलेल्यांची देशवार यादी आहे. फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या मुंबईतल्या भेटींना जाण्याआधी कुणी डीडी येणार आहे का, ते विचारून घ्या. 2023 मध्ये डेबकॉन्फ ही डेबियनची वार्षिक परिषद कोचीला झाली होती, त्यामुळे भारतात सह्यांचं जाळं बरंच घट्ट झालं आहे. पुणे, बंगळुरूच्या फेरीतही काम होऊ शकतं.

नोकरदारांसाठी एक कागद आणखी, तो डेबियन मागत नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला हक्क मालकाचा. नेमणूकपत्र वाचा आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या.

अर्ज

साल्सा या डेबियनच्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या खात्याने एनएम.डेबियन.ऑर्गवर लॉगिन करा. डीएम का व्हायचंय आणि आजवर काय केलंय हे थोडक्यात लिहून, कीने सही करून चिकटवा. सामाजिक करार, मुक्त सॉफ्टवेअरचे निकष आणि यंत्रवापराचे नियम मान्य असल्याचं निवेदनही सही करूनच द्यायचं. मेलच्या खिडकीतून कॉपी केल्यास ओळी तुटतात आणि सही खोटी ठरते. मजकूर थेट फाइलमधून घ्या. निवेदन सार्वजनिक होतं, म्हणून फोन किंवा पत्ता घालू नका. शेवटी डीडीची सही केलेली शिफारस लागते.

मंजुरी मिळाल्यावरही लगेच अपलोड करू नका. कीरिंग, म्हणजे मान्य कींचा संच, साधारण महिन्यातून एकदा अद्ययावत होतं, आणि कीरिंगमध्ये नसलेल्या कीचं अपलोड काही न कळवता टाकून दिलं जातं. त्यानंतर डीडीने प्रत्येक पॅकेजसाठी परवानगी द्यावी लागते. 'न्यू'चा मार्ग डीएमला तरीही बंदच असतो.

कीची मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी वाढवा आणि कीरिंग.डेबियन.ऑर्गवर पाठवा. गंभीर बग पडून राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप काढलं जातं, म्हणून पॅकेज-ट्रॅकरचे ईमेल वाचत राहा. नोकरी बदलली, घरी बाळ आलं, वेळच उरेना, तर आरएफए बग नोंदवा. अजिबातच जमणार नसेल तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करा. पुढचा नवखा तेच 'ओ' यादीतून उचलेल.