इशापूरची २ए१ आणि पन्नास हजारांचा घोळ

अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुका विकणाऱ्या दुकानांत अजूनही अधूनमधून एक रायफल दिसते. ठेवण अगदी आपल्या थ्री नॉट थ्रीची, तेच बोथट नाक, तोच बोल्ट. फक्त मॅगझीन चौकोनी, डब्यासारखं. दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी कड्यावर सिंहमुद्रा, ‘आर.एफ.आय.’ (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरं आणि साल. ही पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची ७.६२ मिलिमीटर २ए१. घेणारा ती हातात घेऊन उलटसुलट करतो तोवर शेजारचा कोणीतरी दोन गोष्टी सांगतोच. एक, ही .३०३ची नळी बदलून केलेली जोडकामाची रायफल आहे. दोन, हिच्यात बाजारात मिळणारं नागरी .३०८चं काडतूस घातलंत तर ती तोंडावर फुटेल. पहिली गोष्ट सपशेल चुकीची आहे. दुसरीत थोडं तथ्य आहे, पण लोक ज्या कारणासाठी घाबरतात त्यात ते नाही. रायफल घ्यावी की नाही, हे ठरवताना हा गुंता आधी सोडवावा लागतो.

१९६२च्या हिवाळ्यात चीनशी लढताना आपल्या जवानांच्या हाती जुनीच थ्री नॉट थ्री होती, हे नव्याने सांगायची गरज नाही. त्यानंतर सगळीकडे घाई झाली. स्वयंभरण रायफल, म्हणजे एसएलआर, इशापुरात बनू लागली, पण एवढ्या मोठ्या सैन्याला पुरतील इतक्या रायफली एका वर्षात निघत नसतात. दरम्यान जुनी .३०३ आणि एसएलआरची ७.६२ अशी दोन वेगवेगळी काडतुसं पुरवत बसणं हा आणखी एक ताप. त्यावर जो तोडगा निघाला तो व्यवहारी होता: कारागिरांच्या हातात पन्नासेक वर्षं बसलेली जुनी घडण घ्यायची, ती नव्या ७.६२ काडतुसासाठी बनवायची, आणि एसएलआर पुरेशा होईपर्यंत ती दुसऱ्या फळीला द्यायची. पहिली आवृत्ती २ए. तिच्यावर नेम धरायची जुनीच दोन हजार यार्डांची दृष्टिपट्टी होती, जी नव्या काडतुसाशी जुळत नव्हती. ती बदलून आठशे मीटरची केली, तीच २ए१. बारा गोळ्यांचं ते चौकोनी मॅगझीन एसएलआरच्या मॅगझीनच्या चालीवर आहे.

मुद्दा असा की या रायफली नव्याने घडवलेल्या होत्या. जास्त दाब सोसेल असं अधिक चांगलं पोलाद त्यांच्यासाठी वापरलं गेलं. जुन्या .३०३ गोळा करून त्यांना नवी नळी लावलेली नाही. हा गैरसमज का रुजला ते कळतं. दुसऱ्या देशांत .३०३ रायफलींना ७.६२च्या नळ्या लावण्याचे खरोखरच प्रयत्न झाले, ब्रिटिशांनी तर त्याच वंशाच्या जुन्या ‘क्रमांक चार’ या .३०३ रायफलीवरून आपली निशाणबाजांची रायफल बनवली. तिचं कौतुक होतं आणि इशापूरच्या नव्या पोलादाला मात्र ‘भारतीय जुगाड’ म्हटलं जातं. असो.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर कितीतरी संध्याकाळी वाया गेल्या आहेत. नागरी .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली बाजारात आलं आणि ७.६२ बाय ५१ हे नाटोचं प्रमाण काडतूस १९५४ साली ठरलं. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखीच, एकाच्या जागी दुसरं बसतं. मग आकडे येतात. अमेरिकी नागरी प्रमाणानुसार .३०८चा कमाल दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच. अमेरिकी लष्करी पुस्तिकांत ७.६२चा दाब लिहिलेला असतो ५०,०००. बारा हजारांचा फरक! एवढं वाचलं की कोणाच्याही पोटात गोळा येणार, आणि तो आकडा तोंडोतोंडी पसरणार.

पण हे दोन आकडे दोन वेगळ्या मापांनी घेतलेले आहेत. जुन्या पद्धतीत काडतुसाच्या खोलीला भोक पाडून त्यावर एक दट्ट्या बसवतात आणि दट्ट्याखाली तांब्याचा छोटा सिलिंडर ठेवतात. गोळी सुटली की तो दबतो, किती दबला ते मोजून दाब ठरवतात. याला तांब्याचं माप म्हणू. तांबं चिरडायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणभर वर गेलेलं खरं शिखर त्याला गाठता येत नाही आणि आकडा कमी येतो. नंतर विजेवर चालणारे स्फटिकाचे मापक आले. ते शिखर नीट पकडतात, म्हणून त्याच काडतुसाचा आकडा जास्त येतो. लष्करी पुस्तिकेतले ५०,००० हे तांब्याचे आहेत, पण छापताना त्यांच्यापुढे ‘पौंड प्रति चौरस इंच’ असंच लिहिलं गेलं. .३०८चं तांब्याच्या मापातलं मूल्य ५२,००० आहे. म्हणजे पावशेर आणि पाव किलो यांची तुलना करून कोणीतरी दुकानदाराला चोर ठरवावं, तसं हे झालं. युरोपात दोन्ही काडतुसं स्फटिकानेच मोजतात. तिथे .३०८ची नागरी मर्यादा ४१५ मेगापास्कल (दाबाचं तिथलं एकक) आहे आणि नाटोच्या ७.६२चीही ४१५च. वाद खरं तर इथेच संपायला हवा होता.

तो संपत नाही, कारण फरक आहे, पण तो दाबाचा नाही. काडतूस खोलीत किती घट्ट बसतं याचा आहे. बोल्टच्या तोंडापासून काडतुसाच्या खांद्यापर्यंतचं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, नागरी .३०८च्या खोलीत कमीत कमी १.६३० इंच असतं. लष्करी खोली मुद्दामच थोडी सैल ठेवतात, म्हणजे चिखलात आणि धुळीतही काडतूस अडकत नाही. हा फरक इंचाच्या हजाराव्या भागांतला आहे. लष्करी पितळ जाड असतं, ते तेवढी सैल जागा सोसतं. नागरी काडतुसाचं पितळ पातळ. सैल खोलीत ते गोळी सुटताना मागे ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर, एका कड्यात, पातळ होतं. पुन्हा भरून वापरलेली पुंगळी तर तिथेच तुटते. त्यात या घडणीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, पुढे नाही. दाबाखाली सगळा सांगाडा किंचित लवतो, पितळावर आणखी ताण येतो. रिकामी पुंगळी उजेडात धरून बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं, किंवा वाकवलेल्या टाचणीच्या टोकाला आत खाच लागली, तर ती रायफल दुरुस्तीशिवाय चालवू नये.

म्हणून घेताना विचारायचा प्रश्न ‘.३०८ चालेल का’ हा नाहीच. हिचा हेडस्पेस कोणी मोजला आहे का, आणि कोणत्या मापकाने, हे विचारावं. नागरी .३०८च्या नो-गो मापकाने, म्हणजे खोली फार सैल झाली आहे का ते दाखवणाऱ्या मापकाने मोजली तर धडधाकट २ए१ही नापास होईल. तिला ७.६२चं लष्करी मापकच लावायला हवं. दुकानदाराकडे ते नसेल तर किंमत तितकी उतरवा, नाहीतर आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन चला. माझं मत विचाराल तर अशा रायफलीत नाटोच्या प्रमाणाची, १४७ ग्रेनच्या आसपासच्या गोळीची काडतुसंच वापरावीत. शिकारीच्या जड गोळ्यांची कडक काडतुसं वापरू नयेत. त्या कडक काडतुसांपायीच बऱ्याच धडधाकट रायफलींची वाट लागली आणि बोल मात्र इशापूरला लागला.

काडतुसांच्या बाबतीत बोल आपल्या खानदेशालाही लागला आहे. ‘ओ.एफ.व्ही.’ शिक्क्याची भारतीय ७.६२ काडतुसं, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची, अमेरिकी बाजारात स्वस्तात गेली आणि तिथे त्यांचं नाव फारसं चांगलं राहिलं नाही. रायफलीबरोबर कोणी ती फुकट देत असेल तर तो सौदा नव्हे. .३०३ वापरणाऱ्यांना ‘के.एफ.’ शिक्का माहीत असतो. तो पुण्याच्या खडकीचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. ती जुनी काडतुसं झाडली तर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर त्यांच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीतले क्षार आत गंज सोडतात. जुन्या .३०३च्या नळीत डोकावल्यावर काळे खड्डे दिसले तर मागच्या मालकाने हे केलेलं नाही, एवढं पक्कं समजावं.

इशापूरच्या .३०३ रायफलींबाबत वेगळ्या शंका घ्याव्या लागतात. त्या मुख्यतः १९८४ नंतर अमेरिकेत गेल्या. १९६८च्या अमेरिकी कायद्याने जुन्या लष्करी बंदुकांची आयात बंद केली होती, १९८४मध्ये संग्रहमूल्य असलेल्यांसाठी ती पुन्हा खुली झाली, आणि मग जगभरच्या कोठारांतून माल सुटला. त्यात नळीच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेल्या रायफली दिसतात. नळीच्या तोंडाला पेला लावून ग्रेनेड फेकायला त्या राखून ठेवलेल्या होत्या. नळी फुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून ती तार. दिसायला छान, पण त्या नळ्यांनी भलतेच धक्के खाल्लेले असतात. त्या भिंतीवर लावायला घ्याव्यात. ‘डी.पी.’ शिक्का म्हणजे कवायतीपुरती. एनसीसीत असली रायफल खांद्यावर घेऊन उन्हात उभं राहिलेल्यांना ती ओळखीची असेल. ती झाडायची नसतेच.

आणि .४१० मस्केट. ही थ्री नॉट थ्रीसारखीच दिसते, पण नळी गुळगुळीत, आट्यांशिवाय, आणि मॅगझीनच्या जागी एकेक काडतूस घालायची सोय. पोलीस आणि तुरुंगांच्या पहारेकऱ्यांसाठी ती होती. १८५७नंतर देशी माणसाच्या हाती सैन्याचं काडतूस पडू नये हा आग्रह राजवटीने कधी सोडला नाही, तिची घडण त्यातूनच आली. अमेरिकेत काही मस्केटींची खोली वाढवून त्या नेहमीच्या .४१० छर्ऱ्यांच्या काडतुसांसाठी केलेल्या असतात, आणि विक्रेता ते सांगतोच असं नाही.

तोच आग्रह स्वातंत्र्यानंतरही वेगळ्या रूपात टिकला. भारतात सैन्याचं काडतूस घेणाऱ्या रायफली सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. म्हणूनच इशापूरने नागरिकांसाठी .३१५ बनवली, त्याच बोल्टची, पण जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर काडतुसासाठी. विदर्भात वा मराठवाड्यात एखाद्या शेतकऱ्याकडे परवान्याची रायफल असते ती बहुधा हीच. तेव्हा २ए१ घ्यायची की नाही हा प्रश्न डॅलस किंवा ह्यूस्टनच्या मराठी घरात पडू शकतो, नागपुरात नाही. इथे थ्री नॉट थ्री दिसली ती शिपायाच्या खांद्यावर, २६/११च्या रात्री सीएसटीच्या फलाटावर दिसली तशी. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी तिला २०२०च्या प्रजासत्ताकदिनी औपचारिक निरोप दिला.

नव्वदच्या दशकात २ए१ इतक्या स्वस्त होत्या की लोक गंमत म्हणून दोनदोन घेत. त्याच काळात त्यांतल्या पुष्कळशा नळ्या कापून ‘जंगल कार्बाइन’ नावाने विकल्या गेल्या. पुढे ज्वाला अडवणारा शंकू, तोकडं लाकूड, दिसायला रुबाबदार. असली रायफल इशापुरातून निघालेली नाही, तिच्यावर साल १९६७चं असलं तरी. न कापलेल्या २ए१ त्यामुळे कमी झाल्या, आणि आता त्यांची किंमत चढली आहे. कापलेली घ्यायची तर निशाणबाजीसाठी घ्यावी, संग्रहासाठी नव्हे.

बाकी तपासणी नेहमीचीच. बोल्टवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळायला हवा. क्रमांक चारच्या रायफलीत बोल्टची डोकी आकाराप्रमाणे आकडे घालून मिळतात, इशापूरच्या घडणीत कारागीर ती एकेक करून जुळवतो. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घालून दिलेली २ए१ चकचकीत असली तरी तिचा हेडस्पेस पुन्हा मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काळा रंग फासलेला असेल तर बिचकायचं कारण नाही, इशापूर गंजाविरुद्ध तसा रंग देतच असे. मॅगझीनच्या थोडं पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रूही तिथलाच, लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. अमेरिकेत काही जण तो दोष समजून काढून टाकतात.