मिराज ४०००: पटावर आणण्याआधी ‘रद्द’ या शब्दाचं काय करायचं?

ग्वाल्हेरच्या मिराज २००० बद्दल आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. त्याचं दोन इंजिनांचं थोरलं भावंड मात्र जगात एकच बनलं. शीतयुद्धाच्या पर्यायी इतिहासावर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ) खेळताना हे मिराज ४००० घ्यायचं ठरलं, की गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, वहीत पहिली ओळ बहुतेक वेळा अशी पडते: ‘प्रकल्प रद्द झाला नसता तर...’ इथेच गोष्ट चुकीच्या रस्त्याला लागते.

रद्द झालं ते वेगळंच विमान. सत्तरच्या दशकात फ्रेंच हवाई दलासाठी दोन इंजिनांच्या एका जड लढाऊ विमानाची आखणी चालू होती. ते परवडेना, म्हणून डिसेंबर १९७५ मध्ये सरकारने ते थांबवलं आणि एका इंजिनाच्या मिराज २००० ला मंजुरी दिली. त्या बारगळलेल्या विमानाला ‘सुपर मिराज’ म्हणत. पुढे ४००० लाही सुरुवातीला ‘सुपर मिराज ४०००’ म्हटलं गेलं, आणि नावाच्या या सारखेपणामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. खरं तर आधीच्याचे पंख मागे कललेले होते, ४००० चे त्रिकोणी. ४००० मात्र दासो या फ्रेंच विमान कंपनीने सरकारी ऑर्डरविना, परदेशी गिऱ्हाइकाच्या भरवशावर बांधलं. २००० नंतर वर्षभराने, ९ मार्च १९७९ रोजी ते उडालं. ऑर्डर कुणी दिलीच नाही, मग रद्द कोण करणार?

खेळात याने मोठा फरक पडतो. इतिहासाचा फाटा १९७५ मध्ये फोडलात, तर पटावर ४००० येतच नाही, दुसरंच विमान येतं. ४००० च हवं असेल तर फाटा ऐंशीच्या दशकात हवा, आणि तो पॅरिसमध्ये नव्हे, एखाद्या तेलसंपन्न देशाच्या खजिन्यात.

प्रशियन अधिकाऱ्यांचे नकाशावरचे युद्धखेळ १८२४ चे, त्या परंपरेतून अमेरिकेत निघालेला पहिला रोलप्लेइंग गेम १९७४ चा. तेव्हापासून आकड्यांवरून वाद आहेतच. ४००० च्या बाबतीत मी उडून सिद्ध झालेले आकडेच धरतो: माख २ च्या (ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या) वरचा वेग, २००० चंच इंजिन पण दोन. शस्त्रं सेवेत कधी लागलीच नाहीत, म्हणून तो रकाना पेन्सिलीने भरावा.

खरी गंमत इंधनात आहे. पोटातलं इंधन २००० च्या साधारण तिप्पट, कार्बन फायबरच्या उभ्या शेपटीतसुद्धा टाकी. कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) २००० ला चार चौकोन द्या, ४००० ला बारा, आणि दर फेरीला एक खोडा. चौथा चौकोन खोडला की सोबतचे खेळाडू तळाकडे वळतात. ४००० चा वैमानिक वाळवंटावर एकटा उरतो, आणि आठ चौकोन अजून कोरे असतात.

१९८६ नंतर हेच विमान रफालच्या चाचण्यांसाठी पुन्हा उडवलं गेलं; आता ते पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या विमान संग्रहालयात आहे. पटावरच्या स्क्वाड्रनचा वैमानिक मात्र बहुधा फ्रेंच नसेल. गिऱ्हाईक देश आधी ठरवा, वैमानिकाचं नाव आणि भाषा नंतर.