कीटकनाशकांचे दुहेरी मापदंड

आरोग्याला किंवा पर्यावरणाला घातक म्हणून स्वतःच्या देशात बंद केलेली कीटकनाशके इतर, बहुतेक वेळा गरीब, देशांना विकत राहण्याची पद्धत व तिचे परिणाम.

जिथे फवारणी जास्त तिथे विषबाधा जास्त, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे दिसत नाही. जपान आणि नेदरलँड्स हेक्टरी भारताच्या अनेक पट कीटकनाशके वापरतात. भारताची सरासरी हेक्टरी एक किलोच्याही खाली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अपघाती विषबाधेच्या जगभरात वर्षाला सुमारे ३८.५ कोटी घटना घडतात व सुमारे ११,००० माणसे मरतात. त्यांतला मोठा वाटा आशिया-आफ्रिकेतल्या शेतकरी-मजुरांचा आहे. कारण रसायनाच्या जातीत आहे, तसेच ते कोण, कसे फवारतो यातही आहे. तिकडे ट्रॅक्टरची बंद केबिन, इकडे उघड्या पाठीवरचा पंप.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात हे उघड झाले. त्या हंगामात पऱ्हाटी (कपाशीची झाडे) माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती आणि किडीही जोरात होत्या. नोझल डोळ्यांच्या वर धरून फवारावे लागे. तुषार तोंडावर, बनियनवर, पायांवर येत. कृषी केंद्रातून मिळालेली दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली जात. (शेतकरी त्याला ‘औषध’च म्हणतो, बाटलीवरचा लाल त्रिकोण मात्र विष सांगत असतो.) डोळ्यांची आग, अंधुक दिसणे, उलट्या अशा तक्रारी घेऊन शेकडो जण रुग्णालयांत पोचले आणि विसाहून अधिक दगावले. वापरातल्या रसायनांत मोनोक्रोटोफॉस होते. हे सेंद्रिय फॉस्फरस संयुग किडीच्या मज्जातंतूंतले जे विकर (एन्झाइम) बंद पाडते, तेच माणसाचेही. युरोपीय संघात ते वापरता येत नव्हते. वापरातल्याच डायफेन्थियुरॉन या कीटकनाशकाचे तेच, ते बनवणाऱ्या स्विस कंपनीच्या मायदेशातही त्याला परवानगी नव्हती. काही बाधितांनी पुढे बाझल या स्विस शहरात कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने आरोप नाकारले.

मजुरांनी हातमोजे-मास्क घातले नाहीत, असा ठपका अशा वेळी ठेवला जातो. विदर्भातल्या सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी पोशाख घालून दिवसभर फवारून पाहावे, मग बोलावे. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस व १९९८ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक बंदच केले. तिथल्या कीटकनाशक पिऊन होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण पुढे खूप घटले, पीक मात्र घटले नाही. केरळमधील कासरगोडच्या काजू-बागांवर हवाई फवारणी झालेल्या याच एंडोसल्फानवर भारतात बंदी आली ती २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने.

१९९८ च्या रॉटरडॅम करारानुसार यादीतले रसायन पाठवण्याआधी आयातदार देशाची पूर्वसंमती लागते. यादीत नवे नाव घालण्यास सर्वांचे एकमत हवे, म्हणून पॅराक्वाट हे तणनाशक बैठकीमागून बैठकीत अडून राहिले. फ्रान्सने २०२२ पासून देशात बंद असलेल्या कीटकनाशकांच्या निर्यातीवर कायद्याने बंदी घातली. दोष केवळ श्रीमंतांच्या माथी मारता येत नाही. भारत स्वतःही कीटकनाशकांचा मोठा निर्यातदार आहे.

उलट दिशेने जाणाऱ्या मालावरची नजर मात्र कडक आहे. नाशिकची द्राक्षे युरोपला निघण्यापूर्वी प्रयोगशाळेत त्यांतले रसायनांचे अंश तपासले जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिथे अडवले गेले होते.