केंद्रप्रमुखाची खुर्ची आणि झेडपी शाळांची सुधारणा: पार्श्वभूमी

इंग्रजांच्या काळात दिपोटी (शाळा तपासणारा डेप्युटी साहेब) शाळा तपासायला यायचा, मग जिल्हा स्कूल बोर्डं आली, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या, इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. खरा गुंता ९० च्या दशकातला आहे.

१९९४ च्या सुमारास राज्याने झेडपी शाळांचे गट करून केंद्रं तयार केली. साधारण १० शाळांचं एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख, राज्यात मिळून ४,८६० केंद्रं. शाळासमूहाची कल्पना तशी १९६६ च्या राष्ट्रीय आयोगाच्या अहवालातली, पण गावात पोचायला तीसेक वर्षं लागली. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे अख्खा तालुका, तो वर्गात कधी बसणार? म्हणून केंद्रप्रमुखाने वर्गात बसायचं, अडलेल्या गुरुजींना पाठ घेऊन दाखवायचा, महिन्याला शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक घ्यायची, असं ठरलेलं.

आता हा माणूस आणायचा कुठून, यावरून जे सुरू झालं ते अजून चालूच आहे. २०१० ला ४०:३०:३० असं ठरलं, म्हणजे ४० टक्के सरळसेवा (थेट भरती), ३० टक्के विभागीय परीक्षा (नोकरीतल्याच शिक्षकांसाठीची), ३० टक्के पदोन्नती. जुन्या लोकांचं म्हणणं वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्याला परीक्षा कसली, आणि तरुणांचं म्हणणं की नुसत्या सेवाज्येष्ठतेने रिटायरमेंटला टेकलेला माणूस येतो. दोघांचंही थोडं खरंय, पण माझ्या मते परीक्षा हवीच, फक्त ती वेळेवर व्हायला हवी ना! डिसेंबर २०२२ ला सरळसेवा काढून परीक्षा आणि पदोन्नती असं ५०:५० केलं, २०२३ मध्ये परीक्षेची जाहिरात आली २,३८४ जागांची, आणि मग वयाची अट, पदवीच्या गुणांची अट, कोर्ट, परीक्षा पुढे. हिशोब करून बघा, ४,८६० चे निम्मे २,४३०, म्हणजे परीक्षेच्या वाट्याच्या जवळजवळ सगळ्याच जागा रिकाम्या. तोवर कुठल्यातरी मुख्याध्यापकाकडे नाहीतर शिक्षकाकडेच 'प्रभारी' चार्ज, म्हणजे स्वतःचा वर्ग सोडून यू-डायस (शाळांची ऑनलाइन माहिती), पोषण आहार आणि वरून आलेल्या लिंका भरून घेणं.

सुधारणेचं श्रेय मात्र बहुतेक वेळा जिल्ह्याच्या साहेबांना जातं. सीईओ (जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी) उत्साही असला की जिल्ह्याला उपक्रम मिळतो, दोन-तीन वर्षांत बदली झाली की नवीन साहेब, नवीन उपक्रम, जुनी रजिस्टरं कपाटात. २२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा जीआर निघाला तेव्हा राज्यभरातले गुरुजी गाड्या करून बघायला गेले ते साताऱ्याच्या कुमठे बीटला, आणि बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या काही शाळा, जिल्ह्याचं ऑफिस नव्हे. तिथे काम शाळांच्या जवळ राहून झालेलं. बाकीच्यांनी फरशीवर रंगीत चौकटी आखल्या आणि ज्ञानरचनावाद (मुलाने स्वतः करून शिकणं) झाला म्हणून फोटो पाठवले.

नंतर सगळं भराभर आलं. फेब्रुवारी २०१७ च्या जीआरने शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या (वशिला कमी झाला हे कबूल, पण जमलेल्या टीमही फुटल्या), त्याच वर्षाअखेरीस १,३०० च्या आसपास कमी पटाच्या शाळा बंद करायचं ठरलं, सप्टेंबर २०२३ ला २० पर्यंत पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचे (अशा छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवले. उदाहरणं दिली पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारच्या तोरणमाळची. वाडीतल्या आईबापांशी बसून हे बोलायचं काम ज्या पातळीवरचं, ती केंद्राची पातळीच प्रभारींवर चाललेली.

दरम्यान केंद्रप्रमुख या पदाचं नावही बदललं, समूह साधन केंद्र समन्वयक. २०२५ ला पुन्हा जाहिरात आली, या वेळी २,४१० जागांची.